फटीतून की फाटकातून?

काका, सप्रेम नमस्कार.

मी २६ वर्षांची आहे. सुदामानगरात राहते, इथेच एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. सप्टेंबरात बारा दिवस जर्मनीला चालले आहे. मामेभाऊ डॉर्टमुंडला एमएस करतोय, त्याच्याकडेच उतरणार. त्याचा तिथे तीन-चार मुलांचा ग्रुप आहे. सुट्टीच्या दिवशी हे लोक बंद पडलेल्या कारखान्यांत शिरतात आणि फोटो काढतात. त्यानं पाठवलेले फोटो बघून मला दोन रात्री झोप लागली नाही. हॉलच्या मधोमध उगवलेलं झाड, भिंतीवर अजून लटकलेली हजेरीची कार्डं, लॉकरमध्ये कुणाचा तरी एकच बूट. शहराबाहेरच्या अशाच एका कारखान्यात तो मला नेणार आहे. मागच्या बाजूला कुंपणाला भोक आहे, कुणी काही म्हणत नाही, असं सांगतो. आम्ही काही तोडणार नाही, काही उचलणार नाही.

आईला हे कळल्यावर घरात रडारड झाली. बाबा म्हणाले, तिकीटच रद्द कर. आजोबा इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये लूम खात्यात (कापड विणायच्या मागांवर) जॉबर, म्हणजे मुकादम होते, अठ्ठावीस वर्षं. ते एवढंच म्हणाले, "बंद मिल बघायला जर्मनी कशाला? इथे काय कमी आहेत?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला. (हल्ली तो इतका मोठा असतो की शेजारचे सांगायला येतात.) घरी मी आता त्या कारखान्यात 'नाही जात' म्हणून सांगून टाकलंय. पण मनातून जायचंच आहे. जाऊ का? आणि गेले तर सोबत काय न्यावं?

— कुंपणाबाहेरची, इंदूर

*

अगं कुंपणाबाहेरची,

तुझा शेवटचा प्रश्न मी आधी वाचला. सोबत काय न्यावं असं विचारणाऱ्या माणसाचं जायचं ठरलेलं असतं, उरलेलं पत्र नुसतं सहीपुरतं असतं. तेव्हा 'जाऊ नकोस' म्हणून मोकळं व्हायचं आणि तू मुकाट्यानं जायचं, असा व्यवहार आपण नको करू या.

माझं आधी सांगतो. तुझ्या वयात मी जर्मनीत असतो तर मीही गेलो असतो. बंद कारखाना बघायची ओढ काय असते ते मला कुणी सांगायला नको. पोटापाण्यासाठी माझी सगळी नोकरी कारखान्यांत गेली, त्यातली बरीचशी सेफ्टी ऑफिसर म्हणून. गिरणीच्या छपराला करवतीसारखे दाते असतात ना, त्यांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असतात. ऊन आत येत नाही, नुसता सारखा, शांत उजेड येतो. चालू गिरणीत मान वर करून तो बघायला कुणाला वेळ नसतो. बंद गिरणीत तोच उजेड रिकाम्या जमिनीवर पडलेला असतो आणि आपण देवळात आल्यासारखे आवाज खाली आणतो. तुझी झोप कशानं उडाली ते मला कळलं.

आता एक गोष्ट ऐक. पंचाण्णवच्या आसपासची आहे, गाव सांगत नाही. एका बंद गिरणीतल्या यंत्रांचा लिलाव व्हायचा होता आणि ती कोणत्या अवस्थेत आहेत ते बघून यायला मला धाडलं होतं. वाट दाखवायला त्याच गिरणीतले एक म्हातारे फिटर आले होते. हातात टॉर्च नाही, एक लोखंडी सळई. ते पुढे, मी मागे. लूम खात्यातून चालता चालता ते थबकले आणि म्हणाले, "साब, इधर पाँव मत धरना." मला तिथे काहीच वेगळं दिसेना. सपाट जमीन, तिच्यावर बोटभर धूळ, धुळीवर कबुतरांची घाण, आजूबाजूला होती तशीच. त्यांनी सळई खाली टेकवली. टेकवली हं, मारली नाही. ती चहातल्या बिस्किटात बोट जावं तशी आत गेली. मग बाजूचा विटेचा तुकडा त्यांनी त्या भोकात टाकला आणि क्षणभरानं खालून पाण्यात पडल्याचा आवाज आला.

खाली हवेचं भुयार होतं. लूम खात्यात हवा दमट ठेवावी लागते, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. ती हवा परत ओढून नेण्यासाठी जमिनीखालून माणूस वाकून चालेल एवढे बोगदे काढलेले असतात आणि त्यांच्या तोंडांवर लोखंडी प्लेटा टाकलेल्या असतात. गिरणी चालू असताना प्लेट गंजली की ती बदलायचं कुणाच्या तरी अंगावर असतं. गिरणी बंद पडल्यावर कोण बदलणार? आणि तिथे प्लेट आहे हे तरी कुणाला माहीत असणार? त्या म्हाताऱ्या फिटरना माहीत होतं, कारण त्याच प्लेटवरून त्यांनी तीस वर्षं ये-जा केली होती.

बंद कारखान्याबद्दल मला मुख्यतः एवढंच सांगायचंय. यंत्रं राहतात, भिंती राहतात, हजेरीची कार्डंसुद्धा राहतात. कुठे पाय ठेवायचा नाही हे ठाऊक असलेली माणसं तेवढी घरी जातात, आणि ही माहिती कुठल्या नकाशावर नसते. म्हणून सेफ्टीच्या दृष्टीनं धडधडत्या कारखान्यापेक्षा थंड पडलेल्या कारखान्याला मी जास्त घाबरतो. चालू ठिकाणी निदान ओरडायला कुणीतरी असतं.

पुढच्याच महिन्यात उरलेली मोजणी करायला मी पुन्हा गेलो. फिटर तापानं आडवे झालेले, म्हणून एकटाच गेलो. वरच्या माळ्याकडे जाणाऱ्या लोखंडी जिन्याची सहावी पायरी माझ्या वजनानं निघाली आणि डावा पाय नडगीपर्यंत आत अडकला. फाटकावरच्या चौकीदाराला हाका ऐकू गेल्या नाहीत. मोबाइल तेव्हा कुणाकडे होता? पाऊण तास तसाच उभा होतो, एका पायावर, बगळ्यासारखा. मग धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अकरा टाके. सेफ्टी ऑफिसर, आणि कुणालाही न सांगता गेलेला! आमच्या घरात हा विषय अजून दिवाळीला निघतो.

पायऱ्या आणि प्लेटा निदान दिसतात तरी. न दिसणारं सांगतो. टाक्या, खड्डे, तळघरं यांत उतरायचं नाही, डोकावायचंसुद्धा नाही. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेला की आम्ही माणूस आत सोडत नव्हतो. बंद टाकीत तो कुठे जातो? गंजायला लोखंडाला ऑक्सिजन लागतो, म्हणजे टाकीच आतली हवा खात बसलेली असते. ना वास, ना धूर. माणूस शिडीवरून खाली उतरतो आणि तिथेच बसतो, झोप आल्यासारखा. साचलेल्या पाण्याचा खड्डा असेल तर सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू असतो, आणि त्याची लबाडी अशी की तो फार झाला की नाकच बधिर होतं. आपल्याला वाटतं वास गेला, म्हणजे वायू गेला. विहिरीत मोटर काढायला उतरलेल्या एकामागोमाग तिघांची बातमी आपल्याकडे उन्हाळ्यात येते ना? पहिला वायूनं जातो, पुढचे दोघे त्याला काढायला उतरून जातात. तुझा मामेभाऊ पडला तर तू वर थांबशील का? नाही थांबणार. म्हणूनच सांगतोय.

ॲस्बेस्टॉसचंही तसंच आहे. आपल्याला ते पत्र्यांमुळे घरचंच वाटतं. जर्मनीनं त्याच्यावर १९९३ साली बंदी आणली. त्याआधी बंद पडलेल्या कारखान्यात वाफेच्या पाइपांभोवती जुन्या गोधडीतल्या कापसासारखं काहीतरी पांढुरकं लोंबताना दिसलं, तर ते बहुतेक तेच असतं. फोटोत फार छान दिसतं. त्याचे तंतू एकदा फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत आणि आजार उगवायला वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं लागतात. तू सव्वीसची आहेस. ओढणी किंवा साधा मास्क तोंडावर बांधून त्याला काही फरक पडत नाही.

आता कायदा. यावर थोडक्यात लिहिणार होतो, पण तुझ्या एका वाक्यानं थांबवलं. 'आम्ही काही तोडणार नाही, काही उचलणार नाही.' न तोडल्यानं आणि न उचलल्यानं दोन गुन्हे टळतात. तिसरा कुंपण ओलांडलं की तिथेच होतो. जर्मन दंडसंहितेच्या कलम १२३ मध्ये तो आहे. 'हाउसफ्रीडन्सब्रुख' असं त्याचं नाव, म्हणजे शब्दशः घराच्या शांततेचा भंग. ज्या घरात तीस वर्षं कबुतरांशिवाय कुणी नाही, त्याचीही शांतता असते म्हणे! शिक्षा दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. हा खटला मालकानं तक्रार केली तरच चालतो, त्यामुळे मामेभावाचं 'कुणी काही म्हणत नाही' हे खरंही असेल. आजपर्यंत. मालक बदलला, जागा कुण्या बिल्डरनं घेतली, आधीच्या आठवड्यात आत कुणी पडून मेलं, की त्याच भोकापाशी माणूस बसवतात.

जर्मन मुलाला पकडलं तर त्याला दोन-चारशे युरोंचा फटका बसेल आणि तो पुढच्या रविवारी दुसऱ्या कारखान्यात जाईल. आपला पासपोर्ट तेवढा मोकळा नाही. अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्मवर प्रश्न असतो की तुम्हाला कधी अटक झाली होती का, कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरला होतात का. इंग्लंडवालेही विचारतात. सॉफ्टवेअरमध्ये आहेस, आज ना उद्या कंपनी कुठेतरी पाठवेल, तेव्हा त्या चौकोनात काय लिहिशील? तुझ्यापेक्षा मला तुझ्या मामेभावाची काळजी जास्त वाटते. तू बारा दिवसांची पाहुणी, पण त्याला तिथे राहायच्या परवान्याची मुदत वाढवून घ्यायची असते, आणि ते देणारं ऑफिस फौजदारी भानगडींकडे डोळेझाक करत नाही. बहिणीला खूश करायला नेलं आणि डिग्री लटकली, असं व्हायला नको. त्याला हा परिच्छेद पाठव. माझ्या नावानं शिव्या देईल, हरकत नाही.

विमाही बघ. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, तो तू काढशीलच. पॉलिसीच्या मागच्या पानावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाच. बेकायदा कृत्य करताना झालेली दुखापत बहुतेक वगळलेली असते. पाय मोडला तर बिल बाबांच्या एफडीतून.

आणि घरी 'नाही जात' सांगून जायचं, त्याबद्दल. खरं-खोटं या भानगडीत मी पडत नाही, ते तुझं आणि तुझ्या आईचं. मला एकच माहीत आहे की मी पाऊण तास एका पायावर उभा होतो, कारण मी कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आईला खोटं सांगून गेलीस तर संध्याकाळी तुझा फोन लागला नाही तेव्हा ती कुणाला काय सांगणार? गाव तरी कुठलं म्हणून सांगणार?

इतकं बोललो म्हणजे जाऊच नको, असं नाही. तू जिथे उतरणार आहेस ते ठिकाण म्हणजे बंद कारखान्यांची पंढरी आहे! डॉर्टमुंड, एसेन, डुइसबुर्ग हा सगळा रुहर खोऱ्याचा पट्टा कोळसा आणि पोलादावर उभा राहिला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या खाणी आणि भट्ट्या एकेक करून बंद पडल्या. पाडून टाकायच्या की ठेवायच्या, यावर तिथेही भांडणं झाली. मग तिथल्या राज्य सरकारनं १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षं एक मोठी योजना चालवली आणि बरंच काही पाडायचं थांबलं. त्यामुळे आज फाटकातून आत जाऊन तुला तेच झाड आणि तोच गंज बघता येतो.

पहिलं ठिकाण डॉर्टमुंडमध्येच आहे, हुकार्डे भागात. कोकेराय हान्झा, म्हणजे हान्झा कोक भट्टी. दगडी कोळसा हवा न लागू देता भाजला की कोक होतो, आणि खनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्टीला तो लागतो. हा कारखाना १९२८ ला सुरू झाला, १९९२ ला बंद पडला. भट्ट्यांच्या रांगा, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांचे पूल, सगळं जागच्या जागी आहे, आणि त्यात बर्चची झाडं माजली आहेत. झाडं मुद्दाम ठेवलेली आहेत. तुझी झोप उडवणारा फोटो तुला इथे काढता येईल, आणि तोही खिशात तिकीट ठेवून. कॉम्प्रेसरचा हॉल चुकवू नकोस.

एसेनची झोलफराइन खाण आगगाडीनं अर्ध्या तासाच्या अंतरावर. तिच्या बारा नंबरच्या शाफ्टचा (खाणीत उतरायच्या विहिरीचा) लोखंडी मनोरा ५५ मीटर उंच आहे. खाण १९८६ ला थांबली, २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. कोळसा धुवायच्या इमारतीत आता त्या सगळ्या खोऱ्याचं संग्रहालय आहे. तिथल्या काही फेऱ्या जुने खाणकामगारच घेतात. अशीच फेरी निवड, जर्मनमधली असली तरी. मामेभावाला दुभाषा कर आणि त्या म्हाताऱ्याला विचार, इथे कुठे पाय ठेवायचा नाही? बघ कसा खुलतो ते.

आणि डुइसबुर्गचा लँडशाफ्टपार्क. टिसन कंपनीच्या लोखंडाच्या भट्ट्या १९८५ मध्ये थंड झाल्या आणि १९९४ मध्ये त्या आवाराची बाग झाली. बाग म्हटल्यावर आपलं नेहरू पार्क डोळ्यांपुढे आणू नकोस. पाच नंबरच्या भट्टीवर लोखंडी जिन्यांनी थेट वर जाता येतं, जवळजवळ ७० मीटर. जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक बुड्या मारायला शिकतात, खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहणाचा सराव करतात. रात्री रंगीत दिवे लागतात. दिवसरात्र उघडं, प्रवेशाला पैसे नाहीत. तुला रात्री, पाठीला सॅक लावून, गंजलेल्या जिन्यानं अंधारात वर चढायचंय ना? चढ. इथली पायरी कुणीतरी तपासलेली आहे.

'पण काका, हे तर टुरिस्टांचं झालं' असं म्हणणार, मला ठाऊक आहे. भोकातून शिरायची मजा वेगळी. असेल. सराफा बाजारात रात्री अकराला उभ्यानं खाल्लेल्या गराडूची (तळलेल्या कंदाची) चव घरच्या गराडूला येत नाही, हे मलाही मान्य आहे. तरी हान्झाला एक फेरी मार आणि मग मला कळव.

एवढं करूनही तोच, शहराबाहेरचा कारखाना मनात राहिला, तर मालकाला पत्र लिही. कुंपणावर बहुतेक पाटी असते, त्यावर कुणाचं तरी नाव असतं. मामेभावाला म्हणावं, जर्मनमध्ये चार ओळींचा मेल कर की आम्ही अमुक तिघे, अमुक तारखेला, फोटोंसाठी, आमच्या जबाबदारीवर. नाही म्हणतील, किंवा उत्तरच देणार नाहीत, पण कधी कधी हो म्हणतात. पैसे घेऊन फोटोवाल्यांना अशा जागा रीतसर उघडून देणारे लोकही तिकडे आहेत. परवानगी मिळालीच तर घोट्याच्या वरपर्यंत येणारे जाड तळाचे बूट, हेल्मेट, चामडी हातमोजे आणि दोन टॉर्च. एक नव्हे, दोन. धनुर्वाताचं इंजेक्शन इंदूरहून घेऊनच नीघ. कमीत कमी तिघे जा, म्हणजे एकाला लागलं तर एक जवळ थांबेल आणि एक बाहेर जाऊन ११२ ला फोन करेल. जमिनीच्या खाली कुठेही नाही. लोखंडी प्लेटवर पाय नाही, मग ती कितीही धड दिसो. आणि लॉकरमधला तो बूट लॉकरमध्येच राहू दे.

त्या बुटावरून आठवलं. आजोबांचं वाक्य तू थोडं चिडून लिहिलंयस, असं मला वाटलं. त्यांचं बरोबर आहे आणि नाहीही. इथल्या मिल कमी नव्हत्या, पण आत कोण सोडतो? हुकुमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि थकलेल्या पैशांचा निकाल लागला २०२३ च्या डिसेंबरात. २२४ कोटी रुपये, सुमारे ४,८०० कामगारांचे. मधल्या तीस वर्षांत कितीतरी घरांतून कामगार गेला आणि त्याची कागदपत्रं सांभाळत त्याची बायको सभांना बसत राहिली. तुमच्या घरी काय झालं ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. पण तुझ्या फोटोतली ती हजेरीची कार्डं आजोबांना दाखवलीस का? दाखवली असशील तर 'कसलं भारी ना?' असं म्हणत दाखवली नसशील, अशी आशा आहे.

आजोबा म्हणजे तुझ्या घरातले सळईवाले फिटर आहेत. जायच्या आधी एक दुपार त्यांच्यापाशी बस आणि नेमकं विचार. 'कसं होतं तेव्हा' असं विचारलंस तर 'होतं ठीक' एवढंच उत्तर मिळेल. लूम बंद पडला तर जॉबर आधी काय बघायचा? धोटा (आडवा धागा नेणारा) उडाला तर कुठे लागायचा? रात्रपाळीला डबा कुठे बसून खायचात? अनंत चतुर्दशीच्या झांकीला (चित्ररथाला) तुमच्या खात्यातून कोण काय करायचं? मिल बंद पडल्या तरी त्यांच्या झांक्या अजून निघतात, वर्गण्या गोळा करून निघतात. सप्टेंबरात त्या रात्री तू इंदुरात असलीस तर आजोबांना गाडीत घालून रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसव. गर्दीत कोण कोण येऊन त्यांच्या पाया पडतं ते मोज.

आता टीव्हीचं. ते तू कंसात लिहिलंस, पण मला सगळ्या पत्रात तेच मोठं वाटलं. आजोबांनी आवाज रागानं वाढवला असं तू धरून चालली आहेस. अगं, धोट्याच्या लूमचं खातं चालू असलं की शंभर डेसिबलच्या आसपास आवाज असतो. शेजारी उभ्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं. तिथे अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला ऐकू कमी येतं ते निव्वळ वयानं नाही. 'स', 'श' असले बारीक आवाज आधी जातात, त्यामुळे बोललेलं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत. मग माणूस हं हं करतो, तुटक बोलतो, टीव्ही मोठा करतो, आणि घरचे म्हणतात म्हातारा चिडका झालाय. गेलेलं ऐकणं परत येत नाही, पण कानाचं यंत्र नीट बसवून घेतलं तर फरक पडतो. व्हिसाच्या धावपळीत एक सकाळ काढ आणि कानाच्या डॉक्टरकडे त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून आण. तुझ्या तिकिटाच्या मानानं खर्च काहीच नाही.

आणि एक शेवटचं ठिकाण राहिलं. डॉर्टमुंडहून दोनेक तासांवर, हॉलंडच्या सीमेजवळ बोखोल्ट म्हणून गाव आहे. तिथे कापड गिरणीचं संग्रहालय आहे, आणि त्यात जुने लूम खरोखर चालवून दाखवतात. यंत्र सुरू असताना आजोबांना व्हिडिओ कॉल लाव. लूमवर फोन धर आणि काही बोलू नकोस. कुठल्या लूमचा ठोका चुकतोय ते ते इथून सांगतील.

सोबत काय न्यावं असं विचारलं होतंस. तिथल्यासाठी फोमचे इअरप्लग ने, औषधांच्या दुकानात मिळतात. कापसाचे बोळे नकोत, त्यांचा उपयोग होत नाही. आजोबांनी अठ्ठावीस वर्षं तेच घातले असणार.

— तुझा काका